गळ आला त्याच वाटेने

हाताजोगी अवजारं : भाग 17

मागच्या आठवड्यात अडकित्त्याची दोन पाती सुपारीवर कशी येतात ते पाहिलं. अडकित्ता घरोघरी होता. आजचं अवजार मात्र पुण्यातल्या फार थोड्या घरांत सापडेल, आणि जिथे ते असायला हवं त्या गळवाल्यांच्या पिशवीतही बऱ्याचदा नसतं. माशाच्या तोंडात रुतलेला गळ सोडवायची ही काडी. वीतभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक, एका टोकाला खाच. मासेमारीचं सामान विकणारे तिला ‘हुक रिमूव्हर’ म्हणतात. प्लास्टिकची मिळते, ॲल्युमिनियमची मिळते आणि मूठ लावलेली स्टीलचीही मिळते.

एवढ्याशा कामाला वेगळं अवजार का लागावं, हे कळायला आधी गळ नीट पाहायला हवा. वरच्या टोकाला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, बांधायचं नाकं, त्याखाली सरळ दांडा, मग वळण आणि शेवटी वर वळलेलं टोक. या टोकाच्या किंचित मागे धातूचा एक बारीक उलटा काटा काढलेला असतो. टोक आत शिरताना तो वाट अडवत नाही. बाहेर यायला लागलं की मात्र तो मांसात उभा राहतो. मोहेंजोदडो आणि हडप्पाच्या उत्खननात तांब्याचे गळ मिळाले आहेत आणि त्यांतल्या काहींना असा उलटा काटा आहे. म्हणजे मासा सुटू नये याची सोय माणसाने साडेचार हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचवलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. त्यात काठी, दोरी, गळ, आमिष, कोणता मासा कशाला भुलतो, हे सगळं आस्थेने सांगितलं आहे. मासा धरायची विद्या आपल्याकडे एवढी जुनी. धरलेला मासा जिवंत आणि धड परत सोडायचा विचार त्या मानाने फारच अलीकडचा, आणि आजचं अवजार त्या विचारातून महत्त्वाचं झालेलं आहे.

आता काम कसं चालतं ते पाहू. नवखा माणूस तंगूस धरून ओढतो. ओढ लागते ती गळाच्या नाक्याला, त्यामुळे टोक आणखी खोल जातं आणि काटा जास्त घट्ट बसतो. गळ सोडवायचा तर जोर बरोबर उलट्या दिशेने लागला पाहिजे: दांड्याच्या बाजूने वळणाकडे, म्हणजे माशाच्या तोंडात आत. काडी इथेच उपयोगी पडते. एका हाताने तंगूस ताणून धरायचं. काडीची खाच त्या तंगुसावर बसवून ती तंगुसावरून, मग दांड्यावरून खाली सरकवत थेट वळणाला टेकेपर्यंत न्यायची आणि मग हलकेच आत ढकलायची. ढकलल्याबरोबर टोक ज्या छिद्रातून गेलं त्याच छिद्रातून मागे येतं, काटा मोकळा होतो. किंचित फिरवून काडी बाहेर काढली की गळ तिच्या खाचेत बसून बाहेर येतो आणि त्याचं टोक गालाला किंवा कल्ल्यांना ओरखडत नाही. सगळं जमलं तर पाच सेकंदांचं काम.

दुसरा प्रकार वाकड्या तारेचा. मुठीला जाड तार आणि तारेच्या टोकाला उलटा आकडा. तारेचा आकडा गळाच्या वळणात अडकवायचा, तंगूस खाली ताणायचं आणि मूठ वर उचलायची. गळ उलटा होतो आणि माशाच्या स्वतःच्या वजनाने मासा त्यातून निसटून पाण्यात पडतो. माशाला हात लावावाच लागत नाही, ही यातली मोठी सोय. खोल समुद्रात शेकडो गळांच्या लांब दोऱ्या सोडून ट्यूना धरणाऱ्या अमेरिकी बोटींवर याच घाटाची लांब दांड्याची अवजारं ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण त्या गळांना समुद्री कासवंही लागतात.

पुण्यात मात्र यातलं काहीही न घेता भागतं. बोहरी आळीत नोज पक्कड मिळते, तिची निमुळती तोंडं मध्यम माशाच्या जबड्यात सहज जातात. त्याहून चांगला म्हणजे सर्जिकलच्या दुकानातला आर्टरी फोर्सेप, शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा. त्याची टोकं बारीक, पकड पक्की, आणि मुठीजवळ दातेरी कडी असल्यामुळे एकदा गळ धरला की बोटांचा जोर सोडला तरी तो सुटत नाही. जुन्या बाजारात अशी वस्तू कधी हाती लागली तर सांध्यात गंज आणि तोंडांत फट नाही ना, एवढं बघून घ्यावं. बारीक गळासाठी मी फोर्सेपच पसंत करेन, मोठ्या गळासाठी पक्कड.

खडकवासल्याच्या पाण्यावर शिंगाळ्याच्या तोंडातून गळ काढणाऱ्या एका वयस्क गृहस्थांना मी अगदी जवळून पाहिलं. शिंगाळा लांबट, बिनखवल्याचा, मिशाळ. त्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक कडक काटा असतो, आणि तो उभा राहिला की तळहात फाटतो. काकांनी मासा वर उचललाच नाही. तो पाण्यातच आडवा ठेवला, डावा हात आधी भिजवला, मग बाजूच्या काट्यांच्या मागून बोटं घालून त्याला दाबून धरला. उजव्या हातातली पक्कड तोंडात गेली, मनगट एकदा आत दाबलं गेलं, किंचित वळलं, आणि गळ बाहेर.

“ओढलं नाहीत तुम्ही,” मी म्हणालो.

“ओढायचं कशाला? आत दाबला की तोच सुटतो. आणि हात आधी ओला करा बरं का, कोरड्या हाताने धरू नका त्याला.”

ओल्या हाताचं कारण साधं आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं संरक्षण. पाण्यातले जंतू आणि बुरशी तो थर अडवतो. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा तापलेल्या खडकावर ठेवल्याने तो पुसला जातो. तिथे नंतर पांढरी बुरशी धरते आणि वरून धडधाकट दिसलेला मासा काही दिवसांनी मरतो.

प्रत्येक माशाचं तोंड वेगळं. मरळीला दात असतात, तिच्या तोंडात बोट घालणं म्हणजे जखम मागून घेणं. चिलापीचं तोंड लहान, त्यामुळे पक्कड शिरत नाही आणि बारीक काडीच लागते. महसीर हा मोठा, सोनेरी खवल्यांचा मासा सगळ्यांत वेगळा. त्याच्या जबड्यात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि तिथे तो शिंपले, खेकडे चिरडतो. ओठ जाड, चामड्यासारखे. गळ ओठात लागला तर काडीने अलगद निघतो. घशापर्यंत गेला तर त्या दातांपुढे बारीक गळाचा टिकाव लागत नाही.

या महसीराचं पुण्याशी खास नातं आहे. कर्नल विल्यम सायक्स याने 1820 च्या दशकात दख्खनची पाहणी करताना इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि 1839 साली त्यांची शास्त्रीय वर्णनं छापून आली. दख्खनचा महसीर शास्त्राच्या नोंदीत आला तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. शिंगाळ्याचं शास्त्रीय नावही सायक्सनेच दिलेलं, इथल्या लोकांच्या तोंडचं नाव उचलून. पुढे धरणं झाली, पाणी बिघडलं आणि महसीर इथून दिसेनासा होत गेला. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. मादीच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढायची, नराच्या बीजाशी मिसळायची, पिल्लं जगवायची आणि तलावांत सोडायची, असं ते वर्षानुवर्षांचं काम. अशा कष्टाने परत आणलेला मासा चुकून गळाला लागला आणि गळ उपटताना त्याचा जबडा फाटला, हे मला सहन होत नाही. तलावांत सोडलेल्या कटला-रोहूच्या मत्स्यबोटुकलींचंही, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांचंही, तेच. त्यांना वाढायला अवधी हवा आणि त्या गळाला लागल्या तर धडपणे परत गेल्या पाहिजेत. ताटात वाढायच्या माशाचा गळ कसाही काढा. परत जाणाऱ्या माशाचा गळ कसा निघतो यावर तो जगणार की नाही हे ठरतं.

याच ठिकाणी या अवजाराची मर्यादाही सांगायला हवी, कारण ती न कळल्यामुळे सगळ्यांत जास्त नुकसान होतं. गळ ओठात किंवा जबड्यात दिसतोय तोवर काडी वापरा. मासा गळ गिळून बसला असेल, तंगूस घशात उतरलेलं असेल, तर काडी खिशात ठेवा. माशाचं हृदय आपल्यासारखं छातीत खोल नसतं, ते घशाखाली कल्ल्यांच्या अगदी मागे असतं. आंधळेपणाने खुपसलेली काडी किंवा उपसलेला गळ हृदय नाहीतर कल्ले फाडतो. कॅनडात ब्लूगिल नावाच्या लहान माशावर 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गळ गिळलेल्या माशांचे दोन गट केले होते. ज्यांचा गळ ओढून काढला त्यांतले 33 टक्के मासे दोन दिवसांत मेले. ज्यांचं तंगूस तोंडाशी कापून गळ आतच राहू दिला त्यांतले 8 टक्के मेले. आणि आत राहिलेल्या गळाचं काय, या शंकेलाही त्यात उत्तर आहे: दहा दिवसांत सुमारे 71 टक्के माशांनी तो स्वतःच बाहेर टाकला होता. म्हणून पिशवीत काडीबरोबर छोटी कात्री हवीच. तंगूस जमेल तितकं आखूड कापायचं. साधे पोलादी गळ पुढे गंजून झिजतात, स्टेनलेसचे तसेच राहतात, तेव्हा मासा परत सोडणाऱ्याने स्टेनलेस गळ घेऊच नयेत.

गळ गिळलाच जाऊ नये यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. काठी दगडाला टेकवून गप्पा मारत बसलं की मासा आमिषासकट गळ गिळतो, तेव्हा काठी हातात ठेवावी आणि चाहूल लागताच दोरी ताणावी. दुसरी म्हणजे गळाचा आकार. टोक दांड्याकडे वळलेला गोल गळ घशात रुतत नाही. मासा दूर जाऊ लागला की तो सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आणि तिथून काडीने काढणं सगळ्यांत सोपं.

मग उरतो वेळ. हवेत आल्यावर कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेणं जवळजवळ थांबतं. 1992 साली कॅनडातच रेनबो ट्राउटवर झालेला प्रयोग गळवाल्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. दमवलेल्या पण पाण्यातच ठेवलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी 38 टक्के, आणि एक मिनिट धरलेल्यांपैकी 72 टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा, आपले मासे जास्त काटक, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण मे महिन्यात आपल्या धरणांचं पाणी तापतं, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि झुंजून दमलेल्या माशाला सावरायला जास्त वेळ लागतो. फोटो काढायचाच असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा आणि मासा क्षणभरच वर उचला. गळ काढणं शक्यतो पाण्यातच व्हावं. सोडताना माशाला सरळ धरून पाण्यात स्थिर ठेवायचं. तो शेपटी मारून स्वतः निघाला की मग हात काढायचा.

आता माझं ठाम मत. काडी, पक्कड, फोर्सेप यांतलं काहीही घ्या, पण त्याआधी पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट करा. पकडीची तोंडं काट्यावर आडवी न ठेवता टोकाच्या रेषेत ठेवायची आणि हळू दाबायचं. झटका दिला तर टोकच मोडतं. नंतर गळ कापसावरून ओढून बघा. धागा अडकला नाही तर काटा बसला. असा गळ सोडवायला बहुतेक वेळा नुसती बोटं पुरतात. तो स्वतःच्या बोटात रुतला, आणि गळवाल्याच्या बोटात तो कधी ना कधी रुततोच, तरी आल्या वाटेने सरळ बाहेर येतो. काट्याचा गळ बोटात गेला तर मात्र घरी उपटाउपटी न करता डॉक्टरांकडे जावं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगावं.

यावर गळवाल्यांचा आक्षेप ठरलेला: काटा दाबला तर मासा सुटतो. दोरी सैल पडली तर सुटतो, हे खरं. त्यासाठी काठी थोडी उंच ठेवायची, मासा आपल्याकडे धावला तर रीळ तेवढ्याच वेगाने गुंडाळायचं आणि तंगूस शेवटपर्यंत ताठ ठेवायचं. एवढं सांभाळलं तर बिनकाट्याच्या गळावरही मासा काठापर्यंत येतो.