घरच्या वर्कशॉपमधलं ट्रॅक्शन इंजिन : लेखांक 5 – बॉयलर

रेल्वे इंजिनाला खाली भक्कम सांगाडा असतो, बॉयलर त्यावर बसवलेला असतो. ट्रॅक्शन इंजिनाला असा सांगाडाच नाही. पुढचा आस बॉयलरच्या तोंडाखाली, सिलिंडर त्याच्या पाठीवर, आणि क्रँकशाफ्ट भट्टीच्या दोन्ही बाजूंनी वर वाढवलेल्या पत्र्यांत. ही पत्रे वाढवायची युक्ती रॉचेस्टरच्या थॉमस अ‍ॅव्हेलिंगची, 1870 ची. बॉयलर जरा तिरका झाला, तर वरचे गिअर कधीच सरळ लागणार नाहीत. म्हणून या आठवड्यात दुसरं काही नाही, फक्त बॉयलर.

आपला नमुना नॉर्दम्प्टनच्या ऑल्चिन कारखान्याचं 1925 चं ‘रॉयल चेस्टर’. डब्ल्यू. जे. ह्यूज यांनी त्याची फुटाला दीड इंच, म्हणजे 1:8 प्रमाणाची प्रतिकृती ‘मॉडेल इंजिनिअर’ साप्ताहिकातून शिकवली आणि इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत ती तयार झाली.

लांबी आठपट घटली की पृष्ठभाग 64 पट घटतो आणि आकारमान 512 पट. वाफ, पाणी आणि कोळसा मात्र प्रमाण मानत नाहीत. मूळची दोन इंची धूरनळी पाव इंची केली, तर ती काजळीने तुंबेल आणि भट्टीला ओढ मिळणार नाही. त्यामुळे नळ्या संख्येने कमी, पण प्रमाणापेक्षा मोठ्या घ्याव्या लागतात. हुबेहूबपणाचा हट्ट इथे सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ बॉयलर पोलादी, आपला तांब्याचा. एवढा पातळ पोलादी पत्रा गंजला तर उरणार काय? झडपांसाठी बसवायचे बुश मात्र ब्राँझचेच हवेत. पितळातलं जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जातं आणि धातू पोकळ, ठिसूळ होतो.

पत्र्याची कड साच्यावर ठोकून वळवताना तांबं कडक होत जातं. हंडा घडवणाऱ्या तांबटाप्रमाणे ते पुन्हा लाल तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. पोलाद अशाने कडक होतं, तांबं मऊ. घाई केली की कोपऱ्याला चीर जाते, आणि तसा पत्रा टाकूनच द्यावा.

सांधे चांदीच्या डाखाने जोडायचे. आधी आतली भट्टी, चढ्या तापमानाला वितळणाऱ्या डाखाने. मग बाहेरचे सांधे, सुमारे 650 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या डाखाने. नाहीतर दुसरा सांधा जोडताना पहिला सुटतो. सांध्यात केसाएवढी फट ठेवायची, म्हणजे डाख आपणहून आत ओढला जातो.

भट्टीच्या सपाट भिंतींना स्टे का लागतात? कामाचा दाब चौरस इंचाला 100 पौंड धरू. चार बाय पाच इंचांच्या पत्र्यावर 2,000 पौंड, म्हणजे सुमारे 900 किलोंचा रेटा येतो. आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना बांधली नाही, तर पत्रा फुगणारच.

यानंतर चाचणी, कामाच्या दुप्पट दाबाने आणि थंड पाण्याने. हवेने कधीही नाही. दाबलेली हवा सांधा सुटताच स्फोटासारखी प्रसरण पावते. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे दोष असला तर थेंब ठिबकतो आणि काटा खाली येतो. आत हवेचा बुडबुडाही राहू देऊ नये. इंग्लंडमधल्या क्लबांत ही चाचणी अनुभवी परीक्षकासमोर होते. आपल्यालाही दुसऱ्या जाणत्या माणसाच्या डोळ्यांखालूनच बॉयलर गेला पाहिजे, मग तो कितीही लहान असो.

पुढच्या आठवड्यात सिलिंडर आणि स्लाइड व्हॉल्व्ह.