पीयूसीपूर्वी गाडीला जुलाब नको, निदान हवे

पीयूसी प्रमाणपत्राची मुदत संपत आली की वाहनधारकांची धावपळ सुरू होते. कुणी पेट्रोलच्या टाकीत 'क्लीनर'ची बाटली ओततो, कुणी मिस्त्रीकडून सायलेन्सर उतरवून धुऊन घेतो, तर कुणी सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास गाडी चालू ठेवून 'धूर काढून टाकतो'. आरोग्याच्या सदरात सायलेन्सरची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण या तीन उपायांपैकी पहिल्याने बहुधा खिसा हलका होतो, दुसऱ्याने गाडीचे आणि मिस्त्रीचे नुकसान होते आणि तिसऱ्याने माणूस दगावू शकतो. म्हणून हा विषय डॉक्टरांच्याही कक्षेत येतो.

गाडीचे यकृत

इंजिनात पेट्रोल पूर्णपणे जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असे तीन मुख्य विषारी वायू निघतात. ते बाहेर पडण्यापूर्वी त्यांचे विष उतरवण्यासाठी इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान एक डबा बसवलेला असतो. त्यालाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. दुचाकीत तो बहुधा सायलेन्सरच्या पोटातच असतो. आपल्या शरीरात यकृत जे काम करते, साधारण तेच काम हा डबा गाडीत करतो.

डब्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. तापलेल्या लेपावरून वायू गेले की कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बनचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होतात आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून साधा नायट्रोजन तयार होतो. मात्र हे सारे लेप सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावरच नीट सुरू होते. गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे हे यकृत झोपलेलेच असते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आपल्या देशात १९९५ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. कारण शिसे हे या लेपाचे विषच होय. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आज नाशिकच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक सर्व पेट्रोल व सीएनजी मोटारींत हा डबा असतो.

बाटलीने कन्व्हर्टर साफ होतो का?

काजळीचा पातळ थर असेल तर अशा औषधाचा थोडाफार उपयोग होऊ शकतो. पण कन्व्हर्टर आपण होऊन क्वचितच बिघडतो, त्याला इंजिन बिघडवते. प्लग खराब होऊन गाडी 'मिसिंग' करू लागली, एअर फिल्टर धुळीने चोंदला, ऑक्सिजन सेन्सर निकामी झाला किंवा इंजिन ऑइल जाळू लागले की न जळलेले इंधन आणि ऑइलची राख त्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. मूळ दोष तसाच ठेवून बाटली ओतणे म्हणजे दारू चालू ठेवून यकृताचे टॉनिक घेण्यासारखे आहे. आणि जाळी वितळली किंवा फुटली असेल, तर कोणत्याही बाटलीने ती सांधत नाही.

दोष ओळखण्याच्या काही खुणा आहेत. गाडीचा पिकअप हळूहळू कमी होतो. सायलेन्सरमधून कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. गाडी थंड असताना डब्यावर हलकेच ठोकले तर आत काहीतरी खुळखुळते. मोटारीत डॅशबोर्डवरील इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहतो. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, तर काळा धूर इंधन जास्त जात असल्याचे. या खुणा दिसल्यास आधी इंजिन तपासून घ्यावे.

धुणे आणि फोडणे

काही ठिकाणी कन्व्हर्टर उतरवून त्यात थिनर किंवा ॲसिड ओततात. असे करू नये. ॲसिडने काजळीबरोबर लेपही निघून जाण्याचा धोका असतो. थिनरची वाफ बंद जागेत छातीत गेली तर चक्कर, मळमळ व डोकेदुखी होते, आणि डबा गरम असल्यास भडका उडतो. ॲसिडच्या वाफेने घसा व फुप्फुसे जळजळतात, दमेकऱ्याला तर तत्काळ धाप लागू शकते. गॅरेजमध्ये हे काम बहुधा हाताखालच्या पोराकडे सोपवलेले असते, याचाही गाडीमालकाने विचार करावा.

याहून वाईट म्हणजे आतील जाळी फोडून रिकामा डबा परत बसवणे. जाळीभोवती उष्णता अडवणाऱ्या तंतूंची गादी असते. ती फोडताना उडणारी धूळ श्वासावाटे घेणे चांगले नाही. शिवाय पुढे ती गाडी जितके दिवस धावेल, तितके दिवस तिचे विष न उतरता रस्त्यावर येते. तो रस्ता आपल्याच मुलांच्या शाळेचा असतो.

बंद शेडमधील मृत्यू

आता सर्वांत महत्त्वाचे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असतानाही मेंदू आणि हृदय उपाशी पडतात. आधी डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, गुंगी येते. माणसाला वाटते की पित्त झाले किंवा झोप अपुरी झाली. तो तिथेच टेकतो आणि उठत नाही. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, हृदयरोगी आणि पंडुरोगी यांना धोका अधिक असतो.

थोडे गणित करू. बीएस-४ पेट्रोल मोटारीला पीयूसीत इंजिन मंद चालू असताना धुरात ०.३ टक्क्यापर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. ०.३ टक्का म्हणजे दहा लाख भागांत ३,००० भाग. कामगार-सुरक्षेच्या शास्त्रात १,२०० भागांची हवाच जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. म्हणजे चाचणीत उत्तीर्ण झालेल्या गाडीचा धूरही श्वासात घेण्याजोगा नसतो, तो फक्त मोकळ्या हवेत विरळ होण्याजोगा असतो. त्यात थंडीच्या दिवसांत गाडी गार असते, यकृत झोपलेले असते, म्हणजे विष याहून कितीतरी जास्त. अशा वेळी शटर ओढून किंवा गोठ्याशेजारच्या बंद खोलीत गाडी तापवत ठेवणे म्हणजे मृत्यूला आवतण होय. अर्धवट उघडे दार पुरेसे संरक्षण देत नाही.

कुणी असा गुदमरलेला आढळला तर आधी सर्व दारे उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे. स्वतः आत फार वेळ थांबू नये. कपडे सैल करावेत, श्वास बंद असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ताक, लिंबूपाणी पाजत बसू नये. करोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. या विषबाधेत ते फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या रक्तालाही ते प्राणवायूयुक्त समजते आणि ९८, ९९ आकडा दाखवते. आकडा पाहून रुग्णालयात जाणे टाळू नये. तेथे मिळणारा शुद्ध प्राणवायू हाच यावरचा उपचार आहे.

मग पीयूसीला जावे तरी कसे?

१. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधी गाडी तपासून घ्यावी. एअर फिल्टर, प्लग, ऑइल आणि दुचाकीच्या चेनपासून टायरमधील हवेपर्यंत सर्व पाहावे.

२. चाचणीच्या दिवशी गाडी मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी. पाथर्डी फाट्यावरून महामार्गाने विल्होळीच्या पुढे जाऊन परतले तरी पुरे. यात कन्व्हर्टर नीट तापतो आणि साचलेली थोडी काजळी जळूनही जाते. मग वाटेत न थांबता केंद्रावर जावे.

३. डिझेलच्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा वेगळा फिल्टर असतो. बाजार समितीच्या रांगेत तासन्‌तास रांगणाऱ्या पिकअपचा तो लवकर चोंदतो. त्याचा दिवा लागल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे महामार्गावर गाडी चालवून तो मोकळा करावा.

४. तापलेली गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नये, आग लागते. मुलांना सायलेन्सरजवळ खेळू देऊ नये.

५. गाडी नापास झाली तर यंत्राने दिलेले आकडे मिस्त्रीला दाखवावेत. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर बहुधा इंधन जास्त जात असते, हायड्रोकार्बन जास्त असतील तर बहुधा ठिणगीत दोष असतो. रक्ताच्या अहवालासारखाच हा अहवाल वाचायचा असतो.

नव्या वाहनाला पहिले वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस-४ व बीएस-६ वाहनांना वर्षातून एकदा, जुन्या वाहनांना सहा महिन्यांनी ती करावी लागते. प्रमाणपत्र नसल्यास कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, हवेच्या काळजीने ही तपासणी व्हावी. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आहे. थंडीत खालची गार हवा वर चढत नाही. अशा वेळी द्वारका चौकातला धूर तिथेच रेंगाळतो आणि सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या, त्याच्या पुढ्यात बसलेल्या मुलाच्या छातीत जातो.

पैसे देऊन, गाडी न नेता मिळवलेले प्रमाणपत्र पोलिसाला दाखवता येते. फुप्फुसांना दाखवता येत नाही.