पट्टी जुळेपर्यंत

सकाळी सात. खामगावात दुकानाचं शटर उघडलं की पहिलं काम व्हीसीआरचं हेड पुसायचं. पावसाळ्यात कॅसेटींना बुरशी धरते. ती हेडवर बसली की चित्रात मुंग्या दिसतात आणि आवाज गुदमरतो. पोट भरतं ते लग्नाच्या जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देण्यावर. जीव मात्र अडकतो जुन्या चित्रपटांच्या आवाजात.

साडेनऊ. चिखलीचं एक कुटुंब आजीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आलं. लावून दिली, दुपारी या म्हटलं.

अकरा वाजता शेगावजवळच्या एका गावातल्या भजनी मंडळाचे बुवा आले, पेटी सोबत घेऊन. एकादशीला मंदिरापुढे प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवायचा आणि पडद्यावरच्या तुकोबांसोबत मंडळाने गायचं, असं ठरलंय. तालमीसाठी मी त्यांना एका जुन्या कॅसेटीवरून प्रत करून दिली होती.

“भाऊ, काहीतरी गडबड हाये,” बुवा म्हणाले. “पेटीचा एक सूर दाबला त तुकोबा वर जाते, दुसरा दाबला त खाली राह्यते. मधात लटकून राह्यले.”

कॅसेट लावली. बुवांनी भाता ओढला. तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांचा आवाज खरोखरच दोन पट्ट्यांच्या मध्ये होता. पेटीचं ट्यूनिंगही पुढे-मागे असू शकतं, म्हणून मी घड्याळाकडे वळलो. चित्रपट 131 मिनिटांचा, कॅसेट 126 मिनिटांच्या आतच संपते. एकही प्रसंग कापलेला नाही, मग पाच मिनिटं गेली कुठे?

चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या टीव्हीची पॅल पद्धत 25 ची. व्हिडिओ करताना चित्रपट सरळ 25 ने पळवायचा, ही जुनी सोपी रीत. वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाऊण हिश्श्याइतका चढतो. डोळ्यांना कळत नाही, पण पेटीवाल्याच्या कानाला लगेच कळतं. कित्येक घरांत माणसांनी प्रभातचे चित्रपट असेच, किंचित घाईत आणि किंचित चढ्या सुरात ऐकले असतील.

संगणकावर वेग 24 ला आणला. पागनिसांचा आवाज उतरला, छातीतून आल्यासारखा झाला. बुवांनी पुन्हा सूर धरला आणि मान हलवली. केशवराव भोळ्यांच्या चाली आणि काही गाण्यांना शांताराम आठवल्यांचे शब्द. आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक गाणं लोकांना तुकोबांचाच अभंग वाटलं. अशा गाण्याचा सूर यंत्राच्या सोयीसाठी सरकवायचा नसतो.

एक. लाइन गेली. डबा खाता खाता बुवांनी विचारलं, “मंग नवीन डिस्का चांगल्या नसतात का?” असतातही. प्रश्न एवढाच, की नवा आवाज जुन्याच्या सोबत येतो की जुन्याच्या जागी. ‘मुघल-ए-आझम’ 2004 मध्ये रंगीत होऊन आला, तेव्हा गायकांचे मूळ आवाज ठेवून गाण्यांचा वाद्यवृंद नव्याने वाजवून घेतला. नौशाद तेव्हा हयात होते, त्या कामात होते. नवं काम म्हणून ते मला मान्य आहे, पण 1960 साली लोकांनी ऐकलेला वाद्यवृंद तो नव्हे. अमेरिकेतही हेच झालं. मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, आवाजाला ऑस्कर मिळालेल्या ‘जॉज’ची डीव्हीडी 2000 मध्ये आली ती नव्या सहा चॅनलच्या मिश्रणासह, काही आवाज बदलून, मूळ मोनो वगळून. रसिकांनी तक्रारी केल्या, पुढच्या डिस्कवर मोनो परत आला.

‘शोले’चं जरा अवघड आहे. 1975 साली 70 मिमीच्या प्रतींना सहा ट्रॅकचा स्टिरिओ होता, पण गावोगाव फिरल्या त्या 35 मिमीच्या प्रती मोनो होत्या. दोन्ही खऱ्याच. म्हणून दोन्ही जपायला हव्यात. ‘शोले’चं ध्वनिमिश्रण करणारे राजकमल स्टुडिओचे मंगेश देसाई संवादाखाली संगीत किती दबवायचं आणि शांतता किती लांबवायची हे कानाने ठरवायचे. ते प्रमाण हीसुद्धा कलाकृतीच आहे, नटाच्या अभिनयाइतकी.

तीन. लाइन आली. बुवांनी कुणाकडून तरी आणलेली ‘संत तुकाराम’ची दुसरी, ‘साफ’ केलेली प्रत लावली. वेग बरोबर आहे, खरखर अजिबात नाही. हेडफोन लावून टाळाचा एकच ठोका पुन्हा पुन्हा ऐकला. ठोका पडतो आणि लगेच विझतो. त्यामागची रेंगाळणारी किणकिण नाही. ‘स’ आणि ‘श’ बोथट झालेत. 1936 सालचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेला, त्याचा वरचा पल्ला मुळात तोकडा. टाळाची किणकिण त्याच पट्ट्यात राहते आणि खरखरही तिथेच. एक काढायला गेलं की दुसरं जातंच. शिवाय कुणीतरी वर देवळातल्यासारखा घुमारा घातलाय. विष्णुपंत दामल्यांनी प्रभातचा ध्वनिविभाग उभा केला, ते साहेबमामा फत्तेलालांसोबत या चित्रपटाचे दिग्दर्शक. घुमारा हवा असता तर त्यांनी घातला असता.

बुवांना दोन्ही ऐकवल्या. ते म्हणाले, “खरखर राहू द्या. टाळ पाह्यजे.”

साडेपाच. चिखलीचं कुटुंब पेनड्राइव्ह घेऊन गेलं.

रात्री आठ. खरखरीची प्रत 24 च्या वेगाने उतरवून झाली. फक्त फिल्मच्या जोडांवरचे मोठे टक-टक आवाज काढले, तेही एकेक ऐकून. मूळ फाइलला हात लावलेला नाही. ती वेगळी ठेवली, कारण उद्या माझ्यापेक्षा चांगला कान आणि चांगलं यंत्र असलेला कुणी येईल. पाकिटावर लिहिलं: मोनो, वेग 24, घुमारा नाही, खरखर ठेवली आहे. प्रत्येक कंपनीने डिस्कच्या मागे एवढं छापावं.

नऊला बुवांचा फोन आला: मंडपवाला दोन्ही बाजूंना मोठे टॉप स्पीकर लावतो म्हणतोय. मी नको म्हटलं. कापडी पडद्याच्या मागे, मधोमध एकच स्पीकर ठेवा. तुकोबांचा आवाज तुकोबांकडूनच यायला हवा.