गटाची वही न दाखवता आपलं काम कसं दाखवायचं?



आपल्या नाचणगाव-पुलगाव भागात कितीतरी बाया वर्षानुवर्षं बचत गटाचे हिशेब लिहीत आल्या आहेत. 1992 मध्ये नाबार्डने गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, 2011 पासून राज्यात 'उमेद' आलं, आणि हिशेब लिहिणं हे गटाच्या पंचसूत्रीतलं एक सूत्र झालं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन, ही ती पाच सूत्रं. यातलं पाचवं सूत्र ज्या बाईच्या हातात असतं, ती कुठल्याही दुकानाची रोकड सांभाळू शकते.

पण ती कामासाठी कापडाच्या दुकानात किंवा कृषी केंद्रात गेली, की मालक विचारतो, "आधी केलेलं काम दाखवा." आता दाखवायचं काय? गटाची वही? त्यात कोणी किती कर्ज घेतलं, कोणाचे हप्ते थकले, कोणी दवाखान्यासाठी पैसे उचलले, सगळं नावानिशी लिहिलेलं असतं. ती माहिती त्या बायांची आहे. दुकानात दोन माणसांनी पाहिली की संध्याकाळी गावभर होते. घरात भांडण लागतं, एखादीच्या मुलीच्या सोयरिकीतही ती गोष्ट निघते. मग गटात मोकळेपणानं कर्ज मागायला कोण येणार?

काही जणी म्हणतात, नावावर कागद चिकटवून फोटो दाखवू. गावात हे चालत नाही, ताई. तारीख, रक्कम आणि कर्जाचं कारण वाचलं की बाई कोण हे लगेच कळतं. आणि फोटो एकदा दुसऱ्याच्या मोबाईलवर गेला की परत आणता येत नाही. व्यक्तीची माहिती जपण्यासाठी देशात 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला आहे. पण कायद्याच्याही आधी गटाचा विश्वास येतो.

मग मार्ग काय? चार आहेत.

पहिला, नमुन्याची वही. एक कोरी वही घ्या, मनानं एक गट तयार करा आणि एका महिन्याचा पूर्ण हिशेब लिहा. समजा, 10 सभासद, प्रत्येकीची बचत 100 रुपये. सुरुवातीची शिल्लक 3,000. बचत जमा 1,000. एका कर्जाची मुद्दल परत 1,000. दहा हजारांच्या बाकीवर महिना 1 टक्क्यानं व्याज 100. एकूण जमा बाजू 5,100. नवीन कर्ज दिलं 4,000, वही-पेनाचा खर्च 50. अखेरची शिल्लक 1,050. हेच आकडे रोकडवहीत, सभासदांच्या खात्यात आणि कर्जाच्या नोंदीत जुळवून दाखवा. पहिल्या पानावर ठळक लिहा : "हा नमुना आहे, खरा हिशेब नाही." खोट्या वहीला खरी म्हणून दाखवणं ही फसवणूक होते.

दुसरा, गटाचं पत्र. बैठकीत विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि अध्यक्ष-सचिवांच्या सहीनं पत्र मागा. त्यात किती वर्षं, कोणत्या वह्या लिहिल्या, बैठका वेळेवर झाल्या का, हिशेब तपासणीत जुळले का, एवढंच असू द्या. सभासदांची नावं, कर्जाच्या रकमा नकोत. बोलून सांगणारी एखादी ताई असेल तर तिला विचारूनच तिचा नंबर द्या.

तिसरा, समोर करून दाखवणं. मालकाला म्हणा, "तुमच्या दुकानाच्या एका दिवसाच्या पावत्या द्या, मी इथंच रोकड लिहून देते." अर्ध्या तासात काम दिसतं, तोंडी सांगण्याची गरज पडत नाही.

चौथा, कामाची पद्धत सांगणं. शिल्लक जुळत नाही तेव्हा आपण काय करतो? आधी हातातली रोख मोजतो, मग पावत्या क्रमानं लावतो, मग बेरीज तपासतो, मग कालची शिल्लक बघतो. हे ज्या बाईला सांगता येतं, तिनं काम केलंय हे अनुभवी मालकाला लगेच कळतं.

शिवणकामाच्या ताईंनाही हेच लागू आहे. ठेकेदाराच्या मालावर त्याचं लेबल असतं, डिझाइन त्याचं असतं, कधी लेखी करारही असतो. सही करण्याआधी करार वाचून घ्या आणि "नमुना म्हणून एखादा नग दाखवता येईल का" हे तेव्हाच विचारा. हो म्हटलं तर लिहून घ्या. नाही म्हटलं तर आपल्या कापडावर, आपल्या मापानं कॉलर, काज, खिसा आणि चेन लावून दाखवा. कपडा उलटा करून आतली शिवण दाखवा, जाणकार माणूस तीच बघतो. गिऱ्हाइकाच्या लग्नातल्या ब्लाऊजचा फोटो मात्र तिला विचारल्याशिवाय स्टेटसवर ठेवू नका.

एवढं करूनही एखादा मालक म्हणेल, "खरी वही आणा, नाहीतर काम नाही." तेव्हा शांतपणे सांगा, "दादा, आज मी त्यांची वही तुम्हाला दाखवली, तर उद्या तुमची दुसऱ्याला दाखवीन." ज्याला आपल्या गल्ल्याची काळजी आहे, त्याला हे पटतं. न पटलं तर ते काम सोडलेलं बरं.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ज्या ताईला काम शोधायचं आहे, तिची नमुन्याची वही सगळ्या मिळून तयार करा आणि पत्राचा ठराव त्याच दिवशी करून टाका.