फरशीआधी पाया पारखा!
काळ्या मातीवरील घरांत काँक्रीटची पूर्वतयारी महत्त्वाची

घराचे बांधकाम पूर्णत्वाला येऊ लागले, की घरमालकाचे सारे लक्ष फरशीच्या निवडीकडे लागते. शहाबादी घ्यावी की कोटा, पॉलिश केलेली घ्यावी की खडबडीत, यावर घरात दीर्घ चर्चा होतात. ज्या काँक्रीटवर ती फरशी बसणार, त्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. वर्ष-दोन वर्षांत फरशी पोकळ वाजू लागते, सांध्यांतून पांढरे क्षार फुटतात किंवा खोलीच्या मध्यभागी तडा जातो. अशा वेळी दोष दगडाला दिला जातो. वास्तविक तो बहुधा खालच्या थरात दडलेला असतो.

मातीचा स्वभाव

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न अधिक जाणवतो. नीरा आणि भीमा नद्यांच्या या पट्ट्यात अनेक ठिकाणी खोल काळी माती आहे. ती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. प्रदेश पर्जन्यछायेचा असला, तरी नीरा डाव्या कालव्यामुळे आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे येथे उसाला बारमाही पाणी मिळू लागले. त्याबरोबरच सखल भागांत पाणथळ आणि क्षारपड जमिनीही वाढल्या. घराशेजारी उसाचे भिजणारे रान असेल, तर घराखालची ओल वर्षभर टिकू शकते.

म्हणूनच तळमजल्यावर फरशीखालील काळी माती शक्य तितकी काढून टाकावी आणि तेथे चांगला मुरूम भरावा. ही भरणी एकदम न करता सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांनी करावी. प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस चालवावी. त्यावर दगडी सोलिंग, सोलिंगच्या पोकळ्यांत मुरूम, ओल वर येऊ नये म्हणून जाड प्लॅस्टिकचा कागद आणि मग सुमारे १० सेंटिमीटर जाडीचे काँक्रीट, असा क्रम असावा. वाळवीप्रतिबंधक फवारणीही काँक्रीट टाकण्यापूर्वीच उरकावी.

पाणी कोणते वापरता?

पिकाला न मानवणारे खारे पाणी बांधकामाला चालते, हा समज चुकीचा आहे. भारतीय मानक ४५६ (सन २०००) नुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातील क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा, तर साध्या काँक्रीटसाठी २००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. सल्फेटची मर्यादा ४०० मिलिग्रॅम आहे. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी खारट लागत असेल, तर ते आधी तपासून घ्यावे. पाण्यातून आलेले क्षार पुढे ओलीबरोबर फरशीच्या पृष्ठभागावर येतात.

काँक्रीटवर पाणी मारण्याच्या मुदतीतही काटकसर नको. साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस, असे हेच मानक सांगते. राखमिश्रित सिमेंट असेल आणि उन्हाळा असेल, तर चौदा दिवस पाणी मारणे हिताचे.

चार सोप्या कसोट्या

फरशीचे काम सुरू करण्यापूर्वी घरमालकाला स्वतःही काही गोष्टी तपासता येतात.

ओल : एक मीटर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद काँक्रीटवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी कागदाखाली पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळवंडले, तर ओल आहे असे समजावे.

पोकळपणा : हातोडीने ठिकठिकाणी हलके ठोकावे. आवाज बद्द येईल तेथील कोबा सुटलेला असतो. तो फोडून पुन्हा भरावा.

शोषण : पृष्ठभागावर पाणी शिंपडावे. ते न मुरता थेंबांच्या रूपाने राहिले, तर तेल, रंग किंवा मेण आहे. ते घासून काढल्याशिवाय मसाला धरणार नाही.

तडे : तड्याच्या टोकाला पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. काही आठवड्यांत तडा खुणेपुढे गेला, तर खालची जमीन अजून हलते आहे. असा तडा सिमेंटने बुजवून वर फरशी बसवणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

पृष्ठभागाची तयारी

गुळगुळीत काँक्रीटवर मसाल्याची पकड बसत नाही. म्हणून त्याला जवळजवळ टाचे मारावेत, वर आलेली सिमेंटची कच्ची साय खरवडावी आणि धूळ झाडून पाण्याने धुवावी. त्यानंतर पाण्याच्या नळीने पातळी काढून कोपऱ्यांत व मध्ये खुणेचे ठोकळे बसवावेत. न्हाणीघरात मीटरमागे सुमारे १२ मिलिमीटर उतार ठेवावा. हा उतार शक्यतो काँक्रीटमध्येच द्यावा.

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. तिची जाडी सर्वत्र सारखी नसते. त्यामुळे तिला मसाल्याचा पुरेसा जाड थर लागतो. तयार चिकटद्रव्याचा पातळ थर अशा दगडाखाली कमी पडतो. चिकटद्रव्यच वापरायचे असेल, तर दगड एकसारख्या जाडीचा हवा आणि दोन मीटरच्या सरळ पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फट नसावी.

मसाला पसरण्याआधी काँक्रीट ओले करावे. मात्र पाणी साचलेले नसावे. त्यावर सिमेंटची रबडी फक्त तेवढ्याच भागात फिरवावी, जेथे लगेच फरशी बसणार आहे. वाळलेली रबडी पकड देण्याऐवजी थर वेगळे करते. काँक्रीटमध्ये सोडलेला सांधा फरशीतही त्याच रेषेत ठेवावा. भिंतीलगत पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी राहू द्यावी. ती पुढे स्कर्टिंगखाली झाकली जाते.

या तयारीत काही दिवस जातात आणि मजुरीही वाढते, हे खरे. परंतु बसवलेली फरशी उखडून पुन्हा घालायची, तर दगड, मसाला आणि मजुरी असा तिहेरी खर्च पदरी येतो. शिवाय भरल्या घरातील सामान हलवण्याचा त्रास वेगळाच. गवंड्याशी दर ठरवतानाच टाचे मारणे, धुणे आणि पातळी काढणे ही कामे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत. कागदावर नसलेले काम घाईत गाळले जाते आणि एकदा फरशी बसली, की ते डोळ्यांना दिसतही नाही.