सात नंबर लांब जात नाही? जोर वाढवण्याआधी बॉल मिडल करा

(या भागाचा ट्रान्स्क्रिप्ट. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढून टाकलेत.)

आजचा विषय एका मेसेजमधून आलाय. मेसेज असा: ‘दादा, मी अकरावीत आहे. माझा सात नंबर आयर्न ११५ यार्ड कॅरी होतो. आमच्या ग्रुपमधला एक जण १४० मारतो. मी जोरात मारायला गेले की बॉल कुठेही जातो आणि संध्याकाळी कंबर दुखते. बाबा म्हणतात, नवीन सेट घेऊन टाकू. घ्यावा का?’

सोबत सिम्युलेटरच्या स्क्रीनचा फोटोही पाठवलाय. क्लबहेड स्पीड ताशी ७५ मैल, बॉल स्पीड ताशी ९० मैल. हे फार बरं केलं. सॉफ्टवेअरमध्ये ॲप स्लो झालं की आपण लगेच नवा सर्व्हर घेत नाही, आधी लॉग बघतो. इथे लॉग समोरच आहे, आणि उत्तरही त्यातच आहे.

त्या दोन आकड्यांचा अर्थ काय?

बॉल स्पीडला क्लबहेड स्पीडने भागलं की जो आकडा येतो त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. क्लबच्या वेगातला किती वेग बॉलपर्यंत पोचला, एवढंच तो सांगतो. इथे ९० भागिले ७५, म्हणजे १.२०.

आता तुलना करू. ट्रॅकमॅन या रडार कंपनीचा टूर खेळाडूंच्या सरासरीचा एक जुना तक्ता गोल्फमध्ये सगळीकडे वापरला जातो. त्यात एलपीजीए टूरवरच्या महिला खेळाडूंचा सात नंबर असा आहे: क्लबहेड स्पीड ७६, बॉल स्पीड १०४, कॅरी १४१ यार्ड. स्मॅश फॅक्टर १.३७.

परत वाचा. क्लबहेड स्पीड ७६. आपल्या मैत्रिणीचा ७५. फरक फक्त एका मैलाचा! पण कॅरीत फरक २६ यार्डांचा. म्हणजे वेग आहे, तो बॉलपर्यंत पोचत नाहीये.

त्याच तक्त्यात पीजीए टूरवरच्या पुरुषांचा सात नंबर ९० मैल वेगाने फिरतो, बॉल १२० ने निघतो आणि १७२ यार्ड कॅरी होतो. या दोन ओळींतून एक ढोबळ हिशोब निघतो. बॉल स्पीडमध्ये १६ मैलांचा फरक, कॅरीत ३१ यार्डांचा. साधारण एका मैलाला दोन यार्ड धरा.

समजा हिचा स्मॅश १.२० वरून १.३५ झाला. ७५ मैलांच्याच स्विंगवर बॉल स्पीड १०१ होईल. अकरा मैल जास्त, म्हणजे वीसेक यार्ड जास्त. ११५ चे १३५. स्विंग तोच, दमही तेवढाच.

हेच वीस यार्ड निव्वळ जोर लावून मिळवायचे असतील तर? स्मॅश १.२० च राहिला तर क्लबहेड ८४ मैलांवर न्यावा लागेल. वेग १२ टक्के जास्त, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २५ टक्के जास्त. एवढा जादा भार येणार कंबरेवर. तिची कंबर संध्याकाळी का दुखते, त्याचं एक कारण इथेच दिसतंय.

एक सूचना. ड्रायव्हरचा स्मॅश १.५ च्या जवळ जातो, कारण त्याचा लॉफ्ट कमी असतो. त्याच्याशी आयर्नची तुलना करू नका. सात नंबरला १.३० च्या वर सातत्याने असाल तर मस्त चाललंय.

वेग गळतो कुठे?

क्रिकेट खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बॉल मिडल झाला की हाताला काही जाणवतच नाही आणि तो बाउंडरीपार जातो. एजला लागला की हात झिणझिणतात आणि बॉल मिडऑनपर्यंतही जात नाही. आयर्नचंही तसंच आहे, फक्त मिडल फार लहान, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. बॉल टो किंवा हीलकडे लागला की क्लबहेड वळतो आणि ऊर्जा त्या वळण्यात जाते.

दुसरी गळती म्हणजे जमीन. क्लब बॉलच्या आधी मातीत घुसला की वेग मातीत जातो आणि मध्ये गवतही येतं. यालाच फॅट शॉट म्हणतात.

तिसरी गळती सगळ्यांत फसवी: बॉल वर उचलायचा प्रयत्न. आपण बॉलखाली क्लब घालून, मनगट मोडून त्याला ‘उचलतो’. असं केलं की ३४ अंशांचा क्लब बॉलला ३९-४० अंशांनी भेटतो. सात नंबर हातात, शॉट मात्र आठ-नऊ नंबरचा. बॉल छान उंच जातो, म्हणून वाटतं भारी बसला, पण पडतो जवळच. लॉफ्ट क्लबच्या तोंडातच दिलेला आहे, आपण वेगळा द्यायचा नाही. पीजीए टूरवर सात नंबरचा क्लब बॉलला लागताना सरासरी चार अंशांनी खाली जात असतो. आधी बॉल, मग जमीन.

घरच्या घरी तपासायचं कसं?

सिम्युलेटरचे पैसे दर आठवड्याला द्यायची गरज नाही. तीन टेस्ट सांगतो.

पहिली, ठिपका. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करने मोठा ठिपका काढा आणि तो क्लबकडे करून मारा. क्लबच्या तोंडावर खूण उमटते. दहा शॉट मारा, प्रत्येक वेळी खूण पुसा आणि कुठे लागला ते मोबाइलवर टिपा. मार नेहमी टोकडेच लागत असेल तर तुम्ही बॉलपासून लांब उभे आहात किंवा मारताना मागे सरकताय. हीलकडे लागत असेल तर उलट.

दुसरी, फक्कीची रेघ. मैदानावर फक्कीने एक आडवी रेघ मारा आणि बॉल न ठेवता त्या रेघेवर स्विंग करा. क्लबने उपटलेली गवताची चकती, म्हणजे डिव्हट, रेघेच्या पुढे म्हणजे टार्गेटच्या बाजूला सुरू झाली पाहिजे. दहापैकी किती वेळा झाली ते मोजा. गवत खराब करायची परवानगी आहे का, तेवढं आधी विचारा!

तिसरी टेस्ट मॅटवर मारणाऱ्यांसाठी, कारण आपल्याकडे बहुतेकांची प्रॅक्टिस मॅटवरच होते. मॅट खोटं बोलते. क्लब मागे आदळला तरी घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट चांगला वाटतो. म्हणून बॉलच्या मागे चार-पाच इंचांवर घडी केलेला छोटा टॉवेल ठेवा. टॉवेलला क्लब लागला, की फॅट.

सुधारायचं कसं?

सात नंबरला बॉल साधारण स्टान्सच्या मधोमध. ग्रिप घट्ट पण आवळलेली नको. मग एकच गोष्ट पकडा: मारताना वजन पुढच्या पायावर गेलेलं हवं. उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या. शॉट संपल्यावर मागचा पाय सहज उचलता आला पाहिजे. नाही आला तर वजन मागेच राहिलंय, आणि मग क्लब बॉलच्या मागे पडणारच.

सुरुवात अर्ध्या स्विंगने करा. हात कंबरेपासून कंबरेपर्यंत. यात अंतराचा विचारच नको, फक्त ठिपका मधे आणि टॉवेल सेफ. दहापैकी सात जमले की तीन चतुर्थांश, मग पूर्ण. पुढच्या पायरीवर गडबड झाली तर एक पायरी मागे या. दिवसाला ४० बॉल असे मारणं हे २०० बॉल झोडण्यापेक्षा जास्त कामाचं आहे, आणि बकेटचे पैसेही वाचतात.

मग तो १४० कसा मारतो?

तो चांगला मारत असेलही. पण आधी त्याला विचार, तुझ्या सात नंबरचा लॉफ्ट किती? पारंपरिक ब्लेड सेटमध्ये सात नंबर ३४-३५ अंशांचा असतो. आजच्या बऱ्याच गेम इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांचा. दोन शेजारच्या क्लबांमध्ये साधारण चार अंशांचं अंतर असतं. म्हणजे त्याचा ‘सात’ हा तुझा सहा, कधी पाचच्याही जवळ. क्लबवरचा आकडा हे फक्त नाव आहे. मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर लॉफ्ट बघता येतो.

दुसरं, तो कॅरी सांगतोय की बॉल घरंगळून थांबला ते? कॅरी म्हणजे हवेतलं अंतर. आणि रेंजवरचे जुने बॉल नव्या बॉलपेक्षा कमी जातात, तर पुण्याच्या उंचीवर मुंबईपेक्षा बॉल किंचित जास्त जातो. हजार फुटांना साधारण एक टक्का धरला, तर १८०० फुटांवरच्या पुण्यात १४० यार्डांमागे दोन-तीन यार्ड. चेंबूरला खेळणाऱ्याने येरवड्याच्या मित्राचा आकडा ऐकून लगेच खचून जायचं कारण नाही.

नवीन सेट घ्यावा का?

आत्ता नको. १.२० च्या स्मॅशवर पाऊण लाखाचा सेटही गळकाच राहणार. पण सध्याचा सेट तुझ्या मापाचा आहे का, हे जरूर बघ. बऱ्याच मुलामुलींच्या हातात बाबांचा किंवा काकांचा सेट असतो, कापून आखूड केलेला. शाफ्ट कापला की तो आणखी कडक होतो, वजन मात्र फारसं कमी होत नाही. जड आणि कडक क्लब फिरवायला मूल अंगाला हिसका देतं. असं असेल तर हलक्या शाफ्टचा सेकंडहँड सेट घेणं योग्य. उंची अजून वाढत असेल तर महागडा सेट दोन वर्षांत पुन्हा छोटा होईल, हेही बाबांना सांग.

आणि कंबर

हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून नीट ऐका. किशोरवयात हाडं अजून पक्की होत असतात. तरुण फास्ट बोलर्सना पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर होतं हे आपण क्रिकेटमध्ये सारखं ऐकतो. गोल्फ स्विंगमध्येही कंबरेला तसाच पीळ आणि मागे वाकणं आहे, तेही एका दिवसात शेकडो वेळा. दुखणं आठवड्याभरात गेलं नाही, किंवा मागे वाकताना एका बाजूला कळ येत असेल, तर स्विंग बंद आणि स्पोर्ट्स डॉक्टर किंवा फिजिओ. पेनकिलर खाऊन रेंजवर जायचं नाही.

वेग वाढवायचाच नाही असं मी म्हणत नाहीये. वाढवा, पण स्मॅश १.३० च्या वर स्थिर झाल्यावर. तेही आधी अंगाने: दोरीवरच्या उड्या, स्क्वॅट, प्लँक, मेडिसिन बॉल बाजूला फेकणं, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून. आणि पहिला बॉल मारण्याआधी दहा मिनिटं वॉर्मअप.

जाता जाता एक नाव. बेंगळुरूची अदिती अशोक. टूरवर लांब मारणाऱ्यांत तिची गणना कधीच होत नव्हती. तरी टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, ब्राँझ फक्त एका शॉटने हुकलं. आपला बॉल नेमका किती जातो हे माहीत असणं आणि तो दर वेळी तेवढाच जाणं, याची किंमत तिच्या खेळात दिसते.

तर अकरावीतल्या आपल्या मैत्रिणीसाठी पुढचा महिना असा: कंबर आधी दाखवून घे. बरं वाटलं की दोन आठवडे अर्धा स्विंग, ठिपका आणि टॉवेल. मग दोन आठवडे पूर्ण स्विंग. त्यानंतर सिम्युलेटरवर जाऊन फक्त स्मॅश बघ आणि मला फोटो पाठव. आकडा काहीही आला तरी पाठव.

बाकीच्यांनीही आपापला ठिपका टेस्टचा फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. तोपर्यंत खेळत राहा, भेटूच!