आईला स्मृतिभ्रंश होता, मग मी तपासणी करावी का?

आई किंवा वडिलांना सत्तरीनंतर स्मृतिभ्रंश झाला असेल, तर मुलांचा धोका काहीसा वाढतो. पण आजार होणारच, असे नसते.

काहीही त्रास नसताना अनेकजण एपीओई-४ या जनुकाची चाचणी करायला निघतात. त्याची एक प्रत असल्यास अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो, दोन प्रती असल्यास त्याहून बराच जास्त. तरीही ते असलेल्या अनेकांना आजार होत नाही आणि नसलेल्यांनाही होतो. म्हणून नुसत्या काळजीपोटी ही चाचणी करू नये, असे मला ठामपणे वाटते. एकदा कळलेला निकाल विसरता येत नाही, आणि त्यातून भावंडांच्या, मुलांच्या धोक्याचाही अंदाज येतो, त्यांना तो हवा असो वा नसो.

घरात पिढ्यान्‌पिढ्या चाळिशी-पन्नाशीतच आजार दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. त्यामागे असू शकणारा प्रीसेनिलिन-१सारख्या जनुकातला दोष अपत्याकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते. तिथे चाचणीआधी जनुकीय समुपदेशकाला भेटावेच.

व्यवहारातले हिशेब चुकू लागले, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होऊ लागला, तर मात्र थांबू नका, मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत ती बरीच आढळते), थायरॉइड, नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते, आणि उपचारांनी बऱ्याचदा सुधारते.

स्मृतिभ्रंशाच्या धोक्याशी जोडलेल्या रक्तदाब, साखर आणि ऐकण्याची क्षमता यांची तपासणी मात्र कुटुंबात आजार असो वा नसो, चाळिशीपासूनच करून घ्यावी. या तिन्हींवर उपाय आहेत.